गोठवलेले रक्त आणि स्थलांतराचा वाद

प्रश्न : शिल्पकार मार्क क्विन यांच्या ‘अवर ब्लड’ या प्रकल्पात रक्ताचे दोन गोठवलेले ठोकळे, एक निर्वासितांनी आणि दुसरा इतरांनी दिलेल्या रक्ताचा, शेजारी मांडण्याची कल्पना आहे. अशा कलाकृतीमुळे स्थलांतराविषयी कोणाचे मत बदलू शकेल काय?

प्रतिसाद १ : बदलू शकेल, असे मला वाटते. क्विन यांनी १९९१ मध्ये स्वतःच्या सुमारे साडेचार लिटर रक्तातून ‘सेल्फ’ हे मस्तकशिल्प घडवले, जे शीतयंत्र बंद पडताच वितळेल. रक्तगट तर एकाच घरातही वेगळे असतात. ठोकळ्याकडे पाहून रक्त कोणाचे, हे कोण सांगणार?

प्रतिसाद २ : मी सहमत नाही. रक्त सारखेच असते हे विरोधकही मान्य करतात. त्यांचा आक्षेप घरे, रोजगार आणि सीमा यांविषयी असतो. शिवाय वैद्यकशास्त्र स्वतः या वादापासून अलिप्त नव्हते : न्यूयॉर्कच्या एलिस बेटावरील जुन्या स्थलांतर तपासणी केंद्रात डॉक्टर येणाऱ्या स्थलांतरितांच्या पापण्या, कधी बूटांची बटणे लावण्याच्या आकड्याने, उलटून खुपरी हा डोळ्यांचा संसर्गजन्य आजार तपासत आणि संशयितांच्या कपड्यांवर खडूने अक्षर लिहीत, डोळ्यांसाठी ‘ई’, हृदयासाठी ‘एच’.

प्रतिसाद ३ : म्हणूनच मला फ्रेंच कलाकार जेआर यांचे २०१४ मधील काम अधिक भिडते. त्यांनी त्याच बेटावरील ओसाड रुग्णालयात स्थलांतरितांची जुनी छायाचित्रे भिंतींवर चिकटवली, आणि तपासली गेलेली माणसे तिथे पाहणाऱ्याकडे थेट पाहतात.