वजन किती घटलं ते कळलं, पण उडालं काय?

कॉम्पोझिटमध्ये रेझिन (तंतूंना बांधून ठेवणारं प्लास्टिक) किती आहे ते टीजीएने, म्हणजे नमुना तापवत त्याचं वजन मोजत जाणाऱ्या चाचणीने, काढतात. ८०० अंश सेल्सिअसपर्यंत जेवढं वजन घटलं तेवढं रेझिन, असा एक दावा आहे. नमुन्यात फक्त काचतंतू आणि इपॉक्सी रेझिन असेल तर हे चालेल, तेही हवेत जाळलं तर. नायट्रोजनमध्ये इपॉक्सीचा थोडा कोळसा मागे उरतोच.

विजेच्या पॅनेलसाठीच्या पॉलिस्टर मोल्डिंगचं काय? त्यात आग रोखायला बऱ्याचदा ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइड असतं. २०० अंश ओलांडले की ते पाणी सोडू लागतं आणि शेवटी स्वतःचं जवळपास ३५ टक्के वजन गमावतं. कॅल्शियम कार्बोनेट असेल तर साधारण ६०० च्या पुढे कार्बन डायऑक्साइड. हे सगळं रेझिनच्या खात्यावर कसं मांडणार?

म्हणून टीजीएला एफटीआयआर जोडा, म्हणजे बाहेर पडणारे वायू इन्फ्रारेड प्रकाशाने ओळखणारं यंत्र. पाणी, मग पॉलिस्टर रेझिनमधलं स्टायरीन, शेवटी कार्बन डायऑक्साइड, कोण कधी बाहेर पडलं ते दिसतं. मास स्पेक्ट्रोमीटर (रेणू वस्तुमानावरून ओळखणारं यंत्र) जोडणार असाल तर वाहक वायू, म्हणजे वाफा पुढे वाहून नेणारा वायू, हेलियम किंवा आर्गॉन घ्या. नायट्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइड दोघांचंही वस्तुमान २८, त्यामुळे साधं यंत्र गोंधळतं. एफटीआयआरला नायट्रोजन दिसतच नाही, हा एक फायदाच.

टीजीए आणि पुढच्या यंत्रामधली जोडनळी २०० अंशांच्या वर तापलेली हवी, नाहीतर फिनॉलसारखी संयुगं तिथेच थिजतात आणि पुढच्या नमुन्यात भुतासारखी उगवतात. इपॉक्सीतून निघणाऱ्या बिस्फिनॉल-ए सारख्या जड रेणूंसाठी सरळ पायरोलिसिस जीसी-एमएस (नमुना झटकन तापवून तोडायचा, तुकडे वेगळे करून वस्तुमानावरून ओळखायचे) बरं.

आणि सर्किट बोर्डाचा तुकडा तापवणार असाल तर लॅबवाल्यांना आधी सांगा. ब्रोमिनवाल्या इपॉक्सीतून हायड्रोजन ब्रोमाइड निघतो, तो यंत्राचे धातूचे भाग खातो.