गावाकडचा फोन आणि आपला नंबर

प्रेषक: मोर्शीकर (सध्या गावी)
विषय: घरच्यांना येणारे फसवणुकीचे फोन, कृपया पूर्ण वाचा

नमस्कार मंडळी,

बारा दिवसांपासून अमेरिकेहून गावी आलोय. रजा नव्हती, तरी यावं लागलं. कारण सांगायला संकोच वाटतो, पण आपल्या या ईमेल-यादीवर निम्म्या लोकांचे आईवडील वऱ्हाडात, यवतमाळकडं, वर्ध्याकडं एकटे राहतात, म्हणून लिहितोय.

मागच्या महिन्यात सकाळी साडेदहाच्या सुमारास बाबूजींना वावरात फोन आला. समोरचा हिंदीत म्हणाला, तुमच्या मुलाला अमेरिकेत पोलिसांनी धरलंय, गाडीखाली माणूस आलाय, आता वकील नाही केला तर आत जाईल. माझं नाव त्याला ठाऊक होतं. मग कुणीतरी रडल्याचा आवाज: "पापा, पापा, मुझे बचाओ." आमच्या घरी वडिलांना कुणी कधी पापा म्हटलेलं नाही. बाबूजीच म्हणतो. मी नंतर विचारलं, तुम्हाला शंका नाही आली? ते म्हणाले, "आली ना बापू. पण रडताना पोरगं काहीई म्हणते. अन् मले वाटलं, मी शंका घेत बसलो अन् तू खरंच आत गेला तं?"

अंबिया बहाराचा फळबगीचा व्यापाऱ्याला दिला होता, इसाराचे पैसे खात्यात आलेले होते. बाबूजींचा फोन बटणांचा. म्हणून ते पानठेल्यावर शेजारच्या पोराकडे गेले, तुझ्या फोनवरून पाठव, मी तुले बँकेतून काढून देतो म्हणाले. पोरानं आधी वीस हजार पाठवले, मग पंचवीस. लगेच तिसरी मागणी आली, पन्नास हजारांची. तेव्हा तो पोरगाच म्हणाला, "काका, एकडाव दादाले फोन तं लावून पाहू." चोरानं बाबूजींना बजावलं होतं की मला फोन केला तर केस बिघडेल. तरी त्या शेजारच्या पोरानं लावला. अमेरिकेत रात्रीचे अकरा वाजले होते, माझा फोन सायलेंटवर. दोनदा वाजून गेला. तिसऱ्यांदा त्यानं माझ्या बायकोच्या फोनवर लावला आणि ती उठली.

तिथून पुढे त्या बारावीतल्या पोरानं जे केलं ते मी जन्मभर विसरणार नाही. रडत बसला नाही, आधी १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावला. तिकडून विचारलं ते सगळं त्याच्या समोर होतं: कोणत्या खात्यातून गेले, किती वाजता, आणि प्रत्येक व्यवहाराचा बारा आकडी संदर्भ क्रमांक. तो क्रमांक नसता तर पुढं काही हललं नसतं. चोरीचा पैसा एका खात्यात थांबत नाही, तिथून दुसऱ्यात, तिसऱ्यात जातो आणि शेवटी कुठल्यातरी एटीएममधून निघतो. १९३० वर तक्रार नोंदली की त्या साखळीतल्या बँकांना कळवलं जातं आणि जिथे पैसा अजून पडून आहे तिथे तो गोठवला जातो. आमचे पंचवीस हजार गोठले. वीस हजार त्याआधीच निघून गेले होते. गोठलेले परत मिळवायचं काम अजून बाकी आहे, त्याच कामासाठी उद्या पुन्हा अमरावतीला जातोय.

आता मूळ मुद्दा. बाबूजींनी अनोळखी नंबर उचललाच का? कारण त्यांना ती सवय मी लावली. शिकायला आलो तेव्हा कॉलिंग कार्डावरून बोलायचो, तिकडे स्क्रीनवर कधी मुंबईचा नंबर दिसायचा, कधी नुसते शून्य. नंतर इंटरनेटवरचे स्वस्त कॉल, मग ऑफिसचा फोन, मग रूममेटचा, मग बायकोचा. पंधरा वर्षं आईबाबूजींनी प्रत्येक अनोळखी रिंग "पोराचा असेल" म्हणून धावत जाऊन उचलली. चोर त्याच दारानं आत आला.

२०२४ च्या ऑक्टोबरपासून, बाहेरदेशातून येणारे पण भारतीय नंबर दाखवणारे खोटे कॉल अडवायची यंत्रणा भारतात सुरू झाली आहे. पण चोर आता भारतातलीच सिमकार्डं वापरतात, त्यामुळे साध्या दहा आकडी नंबरावरून फोन येतो आणि घरच्यांना काही वेगळं वाटत नाही. यंत्रणा तिचं काम करेल. आपलं काम आपण करायला हवं, ते काय असावं यावर तुमचं मत कळवा.

मोर्शीकर

*

प्रेषक: दिग्रसकर
विषय: उत्तर: घरच्यांना येणारे फसवणुकीचे फोन

दादा,

वाचून पोटात कालवलं. बाबूजींना माझा नमस्कार सांगा, आणि त्यांना कुणी काही बोलू देऊ नका. पोराच्या मायेपायी माणूस फसला, यात त्यांचा काय गुन्हा?

माझी आई एकटी असते, वाचता येत नाही. तिच्याकडे बटणांचाच फोन आहे. तिला दिवसातून आठ-दहा फोन येतात: कर्ज घ्या, प्लॉट घ्या, रेकॉर्ड केलेला बाईचा आवाज. ती प्रत्येकीला "कोन बोलते वं?" विचारत राहते. मध्यंतरी एकानं सांगितलं की लाईटबिल अपडेट नाही, आज रात्री साडेनऊला लाईन कापणार, या नंबरवर बोला. आईनं घाबरून विहिरीवरची मोटर दिवसाच चालवून ठेवली, हौद भरून घेतले. नशीब, ओटीपी म्हणजे काय तेच तिला ठाऊक नव्हतं, नाहीतर देऊन बसली असती. हे फोन बंद कसे करायचे, कुणाला नीट माहिती आहे का?

दिग्रसकर

*

प्रेषक: आर्वीकर
विषय: उत्तर: घरच्यांना येणारे फसवणुकीचे फोन

माझा स्पष्ट सल्ला: अनोळखी नंबर सरसकट बंद करा. मी आईबाबांच्या स्मार्टफोनमध्ये तेच केलंय. यादीतल्या चाळीस नंबरांशिवाय रिंगच वाजत नाही. सहा महिने झाले, शांतता आहे.

*

प्रेषक: अचलपूरचे काका
विषय: उत्तर: घरच्यांना येणारे फसवणुकीचे फोन

सर्वांस नमस्कार.

निवृत्तीनंतर मी परत आलो त्याला सात वर्षं झाली, त्यामुळे दोन्हीकडची बाजू मला दिसते.

आर्वीकर, तुमची कळकळ समजते, पण खेड्यात हे चालत नाही. मागच्या उन्हाळ्यात आमच्या मेव्हण्यांच्या घरी मयत झाली. निरोप आला तो त्यांच्या भाडेकरूच्या फोनवरून, कारण घरातल्या कुणालाच नंबर लावायचं भान नव्हतं. माझा फोन तसा बंद असता तर मी मातीला पोचलो नसतो. वायरमनचा फोन अनोळखी नंबरावरून येतो, कृषी सहायकाचा येतो, कापूस खरेदी केंद्रावरून "उद्या गाडी आणा" म्हणून येतो, थ्रेशरवाल्याचा येतो. या माणसांचे नंबर दर हंगामाला बदलतात. तेव्हा उचलू नका असं सांगून भागणार नाही, उचलल्यावर काय करायचं ते शिकवावं लागेल.

दिग्रसकर ताई, तुमच्या आईंच्या फोनपासून सुरुवात करू. आईंच्याच फोनवरून १९०९ ला फोन लावायचा किंवा त्या नंबरावर स्टार्ट, मधे जागा सोडून शून्य, असा संदेश इंग्रजी अक्षरांत पाठवायचा. म्हणजे जाहिरातीचे फोन आणि संदेश पूर्ण बंद ठेवा अशी नोंद होते. नंतरही फोन आला तर सात दिवसांच्या आत १९०९ वरच तक्रार करता येते. गावातल्या एखाद्या पोरीला सांगा, पाच मिनिटांचं काम आहे. पण यातून एवढंच होईल की नियम पाळणाऱ्या कंपन्या थांबतील. चोर कुठल्या वहीत नाव नोंदवून फोन करत नाही.

नंबरावरूनही थोडं ओळखता येतं. जाहिरातीच्या फोनसाठी १४० ने सुरू होणारे नंबर ठरवून दिलेत, आणि बँका, विमा कंपन्या यांच्या सेवेच्या फोनसाठी १६०० ने सुरू होणारे. साध्या दहा आकडी मोबाईलवरून कुणी "बँकेतून बोलतोय" म्हणालं तर तिथेच ठेवून द्यायचं. संदेश पाठवणाऱ्याच्या नावाच्या शेवटीही आता एक अक्षर असतं: पी म्हणजे जाहिरात, एस सेवा, टी व्यवहार, जी सरकारी. लाईटबिलाची शंका असेल तर महावितरणला १९१२ वर आपण होऊन विचारावं, आलेल्या नंबरावर उलटा फोन लावू नये.

माझ्या ओळखीच्या एका निवृत्त मास्तरांना व्हिडिओ कॉलवर वर्दीतला माणूस दिसला. मागे झेंडा, टेबलावर फायली. तुमच्या आधारवर गुन्हा आहे, तुम्ही डिजिटल अटकेत आहात, खोलीबाहेर जाऊ नका, घरच्यांना सांगू नका. मास्तर तीन तास खोलीत बसून होते, लघवीलासुद्धा विचारून गेले. उभं आयुष्य ज्यांनी पोरांना नागरिकशास्त्र शिकवलं त्यांना! आपल्या कायद्यात डिजिटल अटक नावाची गोष्टच नाही. पंतप्रधानांनी २७ ऑक्टोबर २०२४ च्या 'मन की बात'मध्ये ते सांगितलं, तरीही वर्दी दिसली की आपल्या पिढीचे हातपाय गळतात. मास्तरांची सून चहा घेऊन आत गेली, तिनं फोन हातातून घेऊन बंद केला, म्हणून पैसे वाचले.

मोर्शीकरांच्या घरचा प्रकार आणि मास्तरांचा प्रकार, दोन्हींत एक वाक्य सारखं आहे: कुणाला सांगू नका. माझ्या मते घरच्यांना दहा गोष्टी पढवण्यापेक्षा हे एक वाक्य ओळखायला शिकवा. ज्यानं असं म्हटलं तो चोर, आणि लगेच शेजारी हाक मारायची.

आणखी एक, लग्नसराई जवळ आली आहे. व्हॉट्सअॅपवर पत्रिका म्हणून एपीके नावाची फाईल येते. पीएम किसानच्या हप्त्याच्या नावानंही येते. ती पत्रिका नसते, फोनमध्ये शिरून ओटीपीचे संदेश वाचणारं ॲप असतं. पत्रिका फोटो किंवा पीडीएफ या दोन्हींपैकी काहीच नसेल तर हात लावायचा नाही. पाठवणारा सख्खा भाऊ असला तरी नाही, कारण त्याचाही फोन चोराच्या ताब्यात गेलेला असू शकतो.

पैसे गेले नसतील, नुसता फोन आला असेल, तर दूरसंचार विभागाच्या संचार साथी या संकेतस्थळावर चक्षू म्हणून सोय आहे, तिथे तो नंबर कळवा. पैसे गेले असतील तर तिथे वेळ घालवू नका, आधी १९३०.

*

प्रेषक: आर्वीकर
विषय: उत्तर: घरच्यांना येणारे फसवणुकीचे फोन

काका, तुमचं पटलं. साधी रिंग आजच सुरू करून घेतो. पण व्हॉट्सअॅपवरचे अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय गोपनीयतेच्या सेटिंगमध्ये आहे, ती ठेवतो. वायरमन व्हॉट्सअॅपवर फोन करत नाही, आणि वर्दीवाले बहुतेक तिथूनच येतात.

*

प्रेषक: मोर्शीकर (सध्या गावी)
विषय: उत्तर: घरच्यांना येणारे फसवणुकीचे फोन

काका, ताई, आर्वीकर, मनापासून आभार. काकांचा मेल मी बाबूजींना ओट्यावर वाचून दाखवला. मास्तरांची गोष्ट ऐकून ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे शिकलेल्याईलेबी होते." गेल्या महिन्याभरात पहिल्यांदा ते संध्याकाळी पारावर जाऊन बसले.

आम्ही घरात तीन गोष्टी ठरवल्या.

आता मी एकाच नंबरावरून फोन करणार, रोज त्यांच्या सकाळी सातला. तो नंबर फोनच्या दोनच्या बटणावर लावून दिला: दोन दाबून धरलं की मला लागतो. माझ्या फोनवर घरचा नंबर रात्री सायलेंटमध्येही वाजेल असा ठेवलाय. हे आधीच करायला हवं होतं.

दुसरं, गावातला माणूस. १९३० मी अमेरिकेतून लावून पाहिला होता, लागला नाही. म्हणजे आपण कितीही धावपळ केली तरी पहिला तास गावातल्याच कुणाच्या हातात असतो. शेजारच्या त्या पोराला आणि माझ्या मावसबहिणीला, दोघांना सगळं समजावून दिलं. पैसे पाठवायचे असतील तर दोघांपैकी एकाला आधी सांगायचं, आणि त्यानं माझ्याशी बोलल्याशिवाय पाठवायचे नाहीत. यूपीआयचं एक मात्र आईलाही पक्कं बसलं: पैसे घ्यायला पिन लागत नाही. पिन मागितला की पैसे जाणारच आहेत, येणार नाहीत.

तिसरं, खूण. आवाज आता हुबेहूब काढता येतो, तेव्हा आवाजावर भरवसा नाही. घरच्यांशिवाय कुणाला ठाऊक नाही असा एक प्रश्न ठरवला. मी लहान असताना आमच्याकडे एक गोऱ्हा होता, त्याला फक्त मी एका नावानं हाक मारायचो. ते नाव कुठल्या कागदावर नाही, फेसबुकवर नाही, आणि इथेही लिहीत नाही.

काल अमरावतीहून मी मुद्दाम दुसऱ्याच्या फोनवरून आईला लावला. म्हटलं, आई, मी बोलतोय, गाडी बंद पडली, थोडे पैसे पाठवायला सांग. पलीकडे क्षणभर काहीच नाही. मग आईचा आवाज, जरा कापरा: "आधी गोऱ्ह्याचं नाव सांग." मी म्हटलं, अगं मीच आहे ना, आवाज ओळखत नाहीस का? "ओळखतो. तरी सांग." नाव सांगितलं तेव्हा कुठे ती म्हणाली, "हं, बोल आता. किती वाजता येतं? पिठलं टाकतो."

काकांनी सांगितलेलं सगळं मी मोठ्या अक्षरांत एका पानावर मराठीत उतरवतोय: वर १९३०, खाली १९०९ आणि १९१२, आणि मधे "कुणाला सांगू नका म्हणणारा चोर". आमच्याकडे मीटरशेजारी भिंतीला चिकटवलंय. डिसेंबरमध्ये कोण कोण गावी जातंय ते रविवारपर्यंत कळवा, तेवढ्या प्रती छापून ठेवतो. दिग्रसकर ताई, तुमच्या आईंसाठी अक्षरांऐवजी चित्रं काढून देतो. बारावीतला आमचा पोरगा चांगली काढतो.

मोर्शीकर