४५ संगणक, तीन शाखा: एकाच डोमेन कंट्रोलरवर भागेल का?

प्रश्न:
बियाणे कंपनी. जालन्यात ३० संगणक, लातूरला ९, नांदेडला ६. प्रत्येक मशीनवर वेगळं लॉगिन, त्यामुळे नोकरी सोडून गेलेल्या माणसाचं खातं बंद करायला टेबलोटेबली फिरावं लागतं. अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी (सगळी खाती एका जागेवरून सांभाळणारी विंडोजची व्यवस्था) बसवायची आहे. बजेट एका सर्व्हरचं आहे. चालेल का? डोमेनचं (म्हणजे या सगळ्या मशीनच्या गटाचं) नाव 'कंपनी.लोकल' ठेवू का?

उत्तर १:
दोन डोमेन कंट्रोलर (ही खाती आणि लॉगिन सांभाळणारे सर्व्हर) घ्याच भाऊ. एकच असला आणि बंद पडला, की डीएनएसही (नावावरून मशीनचा पत्ता सांगणारी सेवा) जातो. आधी लॉगिन केलेले लोक मशीनमध्ये साठवलेल्या पासवर्डवर आत जातील, पण शेअर फोल्डर आणि प्रिंटर अडकतील. ४५ मशीनची डिरेक्टरी अगदी लहान असते, दुसरा सर्व्हर साधा चालतो. व्हर्च्युअल (एका यंत्रात सॉफ्टवेअरने चालवलेले सर्व्हर) करणार असाल तर दोन्ही एकाच यंत्रावर ठेवू नका, मग दोन असून उपयोग नाही.

'.लोकल' नको. ते एमडीएनएससाठी (सर्व्हरशिवाय नेटवर्कमधली मशीन एकमेकांना शोधतात ती पद्धत) राखीव आहे, मॅक आणि लिनक्स मशीन गोंधळतात. वेबसाइटचं डोमेन तुमच्या मालकीचं असेल तर त्याच्यापुढे 'एडी' लावून उपडोमेन करा. नुसतं वेबसाइटचं नाव दिलंत तर ऑफिसातून ते नाव डोमेन कंट्रोलरकडे वळतं आणि स्वतःचीच साइट उघडत नाही. नाव आत्ताच पक्कं करा, नंतर बदलणं फार जिकिरीचं आहे.

उत्तर २:
सगळ्यात जास्त घोळ डीएनएसचा होतो. डीएचसीपीत (मशीनना नेटवर्कचे पत्ते आपोआप देणारी सेवा) दुसरा डीएनएस म्हणून गूगलचा ८.८.८.८ टाकतात. डोमेन कंट्रोलर शोधायच्या डीएनएसमधल्या एसआरव्ही नोंदी गूगलकडे नसतात, मग लॉगिन रखडतं आणि ग्रुप पॉलिसी (सगळ्या मशीनवर एकदम लागणाऱ्या सेटिंग) कधी लागते, कधी नाही. मशीनला फक्त दोन डोमेन कंट्रोलरचे पत्ते द्या. ८.८.८.८ डोमेन कंट्रोलरच्या फॉरवर्डरमध्ये (बाहेरची नावं तो जिथे विचारतो ती यादी) टाका.

दुसरं म्हणजे वेळ. कर्बेरॉस (डोमेनमधलं लॉगिन तपासणारी पद्धत) मशीन आणि सर्व्हरच्या घड्याळात ५ मिनिटांपेक्षा जास्त फरक चालवून घेत नाही. आपल्याकडे लाइट जाते-येते, जुन्या मदरबोर्डचा सेल संपलेला असला की घड्याळ मागं पडतं आणि पासवर्ड बरोबर असूनही लॉगिन नाकारलं जातं. पीडीसी एम्युलेटरची भूमिका (एकाच डोमेन कंट्रोलरकडे असलेली खास जबाबदारी) असलेल्या सर्व्हरला बाहेरच्या एनटीपीवरून (इंटरनेटवरून वेळ जुळवणारी सेवा) वेळ द्या, बाकीचे त्याच्याकडून घेतात. यूपीएसची केबल सर्व्हरला जोडून बॅटरी संपायच्या आत शटडाउन लावा.

प्रश्नकर्ता:
दोन सर्व्हरचं पटलं. दुसरा लातूरला ठेवला तर? तिन्हीकडे राउटर १९२.१६८.१ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांवरच आहेत.

उत्तर ३:
आधी तेच बदला. तिन्हीकडे एकच सबनेट (पत्त्यांचा गट) असेल तर शाखा जोडणाऱ्या व्हीपीएनला रस्ताच कळत नाही. जालना १९२.१६८.१०, लातूर २०, नांदेड ३० करा आणि अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरीच्या 'साइट्स अँड सर्व्हिसेस'मध्ये नोंदवा, म्हणजे लातूरचं मशीन जवळचा कंट्रोलर निवडेल. पण लातूरला कुलूपबंद खोली नसेल तर तिथे पूर्ण कंट्रोलर नकोच. डिस्क चोरीला गेली तर सगळ्यांचे पासवर्ड हॅश (पासवर्डची सांकेतिक रूपं) गेले. दोन्ही जालन्यात ठेवा, लातूरला गरज पडली तर रीड-ओन्ली कंट्रोलर (ज्यात बदल करता येत नाहीत असा).

खरेदीआधी मशीनच्या विंडोज आवृत्त्याही तपासा. होम आवृत्ती डोमेनला जोडता येत नाही, प्रो लागते. सर्व्हर लायसन्सशिवाय सीएएलचा (सर्व्हर वापरणाऱ्या प्रत्येक माणसाचा किंवा मशीनचा परवाना) खर्च वेगळा धरा.