खाणीतल्या दगडात माहिती असते का, की ती वाचणाऱ्याच्या डोक्यात असते?

भट्टीवाला_उद्यमबाग

नमस्कार मंडळी. मी बेळगावात उद्यमबागेत हीट ट्रीटमेंटच्या शॉपला असतो. शिक्षण आयटीआय. प्रश्न अडाणी वाटला तर वाटू द्या.

आमचं पोरगं पीयूसी दुसऱ्या वर्षाला, सायन्सला आहे. परवा जेवताना म्हणालं, "पप्पा, माहिती ही निसर्गात असतेच. बघणारं कोण नसलं तरी असते." मी म्हटलं, खुळ्या, कुणीतरी कुणाला तरी सांगितलं की ती माहिती. सांगणारा नाही, ऐकणारा नाही, मग माहिती कसली? त्यावर त्यानं लँडाउअर म्हणून कोणाचं तरी नाव काढलं. मंडळी म्हणाली, आधी ताटातलं संपवा दोघंबी.

मला काही पटलं नाही, खरं माझ्याच धंद्यातली एक गोष्ट आडवी आली. पोलाद तापवताना ७७० अंशांच्या आसपास गेलं की त्याला चुंबक चिकटत नाही. आमचे जुने मिस्त्री तारेला चुंबक बांधून त्यावरून अंदाज घेतात. तोच जॉब, म्हणजे भट्टीत घातलेला भाग, थंड झाला की पुन्हा चिकटतो. आणि थंड होताना तो जसा पडलेला असेल तसं पृथ्वीचं थोडंसं चुंबकत्व त्यात बसून राहतं. आमच्या दृष्टीनं ती कटकट, कारण मशिनिंगला बुरादा चिकटतो आणि डीमॅग्नेटायझरमधून काढावा लागतो. खरं विचार केला तर काय? उत्तर कुठं होती ते त्या जॉबमध्ये राहिलंय. कुणी बघो न बघो. ह्याला माहिती म्हणायचं का?

भौतिकी_टिळकवाडी

दादा, प्रश्न चांगला आहे, आणि उदाहरण तर पुस्तकात घालावं असं आहे.

आधी मुलाचा मुद्दा. रोल्फ लँडाउअर आयबीएममध्ये होते. १९६१ मध्ये त्यांनी मांडलं की एक बिट, म्हणजे 'हो की नाही' एवढी माहितीची सर्वांत लहान नोंद, पुसायचा तर काही किमान उष्णता बाहेर टाकावीच लागते. खोलीच्या तापमानाला ती २.९ × १०⁻²¹ ज्यूल भरते, म्हणजे दशांशचिन्हानंतर वीस शून्यं आणि मग २९. त्या बिटचा अर्थ काय, तो कोणी वाचणार आहे का, याच्याशी त्या उष्णतेला देणंघेणं नाही. २०१२ मध्ये फ्रान्समध्ये लिओंला सिलिकाचा सूक्ष्म मणी लेझरने केलेल्या दोन खळग्यांत हलवून हे मोजलंही गेलं. पण यावरून माहिती ही वजनासारखी वस्तू आहे असं म्हणणं मला उडी वाटते. सिद्ध एवढंच होतं की माहिती कुठल्यातरी पदार्थातच ठेवावी लागते आणि त्या पदार्थाचे नियम तिला चुकत नाहीत.

आता तुमचा जॉब. गिल्बर्ट नावाच्या इंग्रज वैद्याने १६०० साली हेच नोंदवलंय: लोहाराने सळी उत्तर-दक्षिण धरून ठोकली की ती चुंबक होते. आपल्याकडे हा प्रकार केवढ्या मापावर झालाय बघा. बेळगावच्या आसपासचा काळा दगड म्हणजे दख्खनच्या लाव्ह्याचं दक्षिण टोक. वय सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षं. त्यातले मॅग्नेटाइट या चुंबकीय लोहखनिजाचे कण ५८० अंशांच्या खाली आले तसे त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय दिशेत बसून गेले. सह्याद्रीतल्या खालच्या जाड थरांत ती दिशा आजच्या उलट आहे, कारण तेव्हा पृथ्वीचे चुंबकीय ध्रुवच उलटे होते. अगदी वरच्या थरांत ती पुन्हा सुलट होते. त्या वरच्या थरांपैकी एकाला भूशास्त्रज्ञ 'देसूर' म्हणतात. होय, खानापूरच्या रेल्वेवरचं आपलं देसूर.

१९५० च्या दशकात लंडनच्या इंपिरियल कॉलेजमधल्या मंडळींनी दख्खनच्या दगडांतल्या चुंबकत्वाचा कल, म्हणजे ते जमिनीशी किती तिरकं आहे ते, मोजला. विषुववृत्तापासून जितकं दूर तितका हा कल जास्त, त्यावरून हिशेब असा आला की लाव्हा ओतला तेव्हा हा भूभाग विषुववृत्ताच्या दक्षिणेला, साधारण ३० अंशांवर होता. आज बेळगाव जवळजवळ १६ अंश उत्तरेला आहे. ही नोंद झाली तेव्हा ती वाचायला पृथ्वीवर माणूस नव्हता. नोंद मात्र झाली.

निपाणीकर_जुना

सर, 'नोंद' म्हणताना तुम्ही गुपचूप एक कारकून आत आणून बसवलात.

दगडात चुंबकत्व आहे, बस्स. 'भारत दक्षिणेला होता' हे त्या दगडात कुठं आहे? ते येतं कलाच्या सूत्रातून, थरांच्या वयातून, नकाशातून. हे सगळं माणसाचं. तोच दगड भूशास्त्रज्ञाला ध्रुवाची दिशा सांगतो, कंत्राटदाराला खडी किती टिकेल ते सांगतो, आणि आमच्या गल्लीत तो शेंदूर लावून देव होतो. मग एका दगडात बिट किती? विचारणारा ठरवल्याशिवाय आकडा सांगून दाखवा.

आमच्या माळ्यावर आजोबांच्या पेटीत मोडीतले कागद आहेत. घरात कोणाला वाचता येत नाही. माझ्या लेखी त्यात आज शाई आहे. वाचणारा भेटेल त्या दिवशी माहिती होईल.

खानापूर_रानवाट

निपाणीकरकाका, कागदाला लिहिणारा तरी होता. दगडाला तोही नव्हता, त्यामुळे दोन्ही एका तागडीत नकोत.

आणि वाचणारा म्हटलं की माणूसच का? पेशीत रायबोसोम असतो. तो आरएनएवरची, म्हणजे जनुकाच्या नकलेवरची, तीन-तीन अक्षरं घेतो आणि त्याप्रमाणे अमिनो आम्लं जोडत जातो. त्रिकुटं ६४, अमिनो आम्लं २०. हे वाचन अब्जावधी वर्षं बिनबोभाट चाललंय. आपल्याला पहिलं त्रिकूट कळलं १९६१ मध्ये, आणि उरलेली उलगडण्यात हरगोविंद खुरानांचा मोठा वाटा, म्हणून १९६८ च्या नोबेलमध्ये त्यांचं नाव. १९६० पर्यंत पेशीत माहिती नव्हती आणि पुढच्या वर्षी आली, असं म्हणणार का तुम्ही? एक अक्षर चुकलं की सिकल सेलचा रक्ताचा आजार होतो. तो होण्यासाठी रोग्याला जनुकशास्त्र यावं लागत नाही.

विश्वचेतना_०७

क्वांटम सायन्सने सिद्ध केलंय की बघणाऱ्याशिवाय काहीच अस्तित्वात नाही. मन हेच विश्व.

भौतिकी_टिळकवाडी

नाही केलेलं. तिथला 'निरीक्षक' म्हणजे डिटेक्टर, फोटोची काच, हवेचा एखादा रेणूसुद्धा चालतो. मनाची अट नाही.

भट्टीवाला_उद्यमबाग

सगळ्यांचे आभार. सर, तुमचं दगडाचं वाचून दोन दिवस डोक्यात एकच घोळतंय.

आमच्या मेव्हण्याचा टिपर खाणीवर चालतो. सुरुंग उडाला की दगड टिपरात, तिथनं क्रशरला, क्रशरमधनं खडी. आता त्या खडीच्या तुकड्यातलं चुंबकत्व काही गेलेलं नाही, कारण क्रशरमध्ये कुठं ५८० अंश तापतंय? कण तेच, त्यांची आपसातली दिशा तीच. खरं त्या तुकड्याला विचारा ध्रुव कुठं होता. काय सांगणार ते? खाणीत असताना त्याची वरची बाजू कुठली, खालची कुठली, हेच कळायला मार्ग नाही.

म्हणजे दगडात काहीही बदललं नाही आणि माहिती तेवढी गेली. मग ती दगडात नव्हतीच. निपाणीकर म्हणतात तशी डोक्यातबी नव्हती, कारण ती घालवली सुरुंगानं, कोण विसरलं म्हणून नव्हे. ती होती दगड आणि त्याच्या बुडातली जमीन, ह्या दोघांच्या मध्ये. दोघं एकमेकांना धरून होते तोवर होती. पोरग्याचं 'निसर्गात असते' हे मला मान्य, खरं वस्तूत असते हे मान्य नाही. फिक्श्चरमधनं, म्हणजे जॉब धरून ठेवणाऱ्या पकडीतनं, जॉब सुटला की रेफरन्स गेला, असं आम्ही रोज म्हणतो.

निपाणीकर_जुना

आता जरा बोलण्यात अर्थ आला. तरी विचारतो: दगड आणि जमीन ही जोडी कोणी निवडली? तुम्हीच ना? दगड आणि खाणमालकाचा बंगला ही जोडी का नाही घेतली?

भट्टीवाला_उद्यमबाग

लाव्हा बंगल्यात थंड झाला नाही म्हणून. जोडी लाव्ह्यानं लावली, मी नुसती बघितली.

भौतिकी_टिळकवाडी

दादांनी नेमक्या ठिकाणी बोट ठेवलंय. म्हणूनच नमुना घेणारे आधी, दगड जागेवर असतानाच, त्यावर बाण आखतात, कल मोजतात आणि मगच साधारण अडीच सेंटिमीटर जाडीची कांडी कापून काढतात. डोंगरमाथ्यावर साध्या होकायंत्रावर भरवसा ठेवत नाहीत, सूर्याच्या सावलीवरून दिशा घेतात, कारण वीज पडून तिथल्या दगडात नवंच जोरदार चुंबकत्व भरलेलं असू शकतं. जुन्यावर नवं गिरवल्यासारखं. तेही कुणी बघत नसतानाच होतं.

एक पुस्ती जोडतो. मूलभूत नियमांप्रमाणे सुरुंगानेही काही पुसलं जात नाही. प्रत्येक तुकड्याच्या कडा, धूळ, आवाज, उष्णता या सगळ्याचा हिशेब ठेवला तर तुकडे परत जागेवर बसवता येतील, तत्त्वतः. कृष्णविवरात मात्र माहिती खरोखर नष्ट होते, असं भौतिकशास्त्रज्ञ हॉकिंग यांनी १९७६ मध्ये मांडलं होतं. त्यावर दुसरे भौतिकशास्त्रज्ञ प्रेस्किल यांच्याशी पैजही लागली, आणि २००४ मध्ये हॉकिंग यांनी ती हरल्याचं मान्य केलं. तरी वाद पुरता मिटलेला नाही. बिटचा आकडा विचारणाऱ्यावर अवलंबून असतो, हा निपाणीकरांचा मुद्दा मला मान्य आहे. माहितीचं गणित मांडणाऱ्या शॅनननेही १९४८ मध्ये अर्थ बाजूला ठेवूनच सिद्धांत उभा केला.

भट्टीवाला_उद्यमबाग

तत्त्वतः तर स्क्रॅपमधनं जॉबबी परत होतो, सर. आमचा मालक ऐकत नाही.

पोरग्याला सगळं वाचून दाखवलं. तो म्हणतो मी जिंकलो, मी म्हणतो निम्मा. आता त्याला देसूरजवळ दगडावर बाण आखून कल मोजायचाय. क्लिनोमीटर कुणाकडे मिळेल का एका रविवारपुरता?

खानापूर_रानवाट

माझ्याकडे आहे, मेसेज करा. आणि निपाणीकरकाका, त्या पेटीतल्या कागदांचे उजेडात नीट फोटो काढून इथं टाका. बेळगावात मोडी वाचणारे आहेत अजून. पावसाळ्याआधी काढा, माळ्यावर वाळवी लागते.