डाळमिलचं संगणकीकरण आणि सायबर सुरक्षा: सरकारी अनुदान नेमकं कशाला मिळतं?

डाळमिल_जळगाव
राम राम मंडळी. एमआयडीसीत डाळमिल आहे, तूर आणि हरभरा. माल बहुतेक ३० आणि ५० किलोच्या पोत्यात जातो, थोडा १ किलोच्या ब्रँडेड पाकिटात. यंदा नवा सॉर्टेक्स (रंग बघून खराब दाणे वेगळे करणारं मशीन) आणि वजन करून पाकीट भरणारं मशीन घ्यायचंय, अंदाजे २० लाख. शिवाय ऑफिससाठी ४ कॉम्प्युटर, सर्व्हर, टॅलीचं (हिशोबाच्या सॉफ्टवेअरचं) मल्टियुजर लायसन्स, फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या हल्ल्यांपासून नेटवर्क राखणारं यंत्र) आणि बॅकअप, असे साधारण ६ लाख. एक एजंट सांगतोय की 'डिजिटल आणि सायबर'साठी ८० टक्के अनुदान आहे, फाइलचे २५ हजार आगाऊ द्या. असं काही आहे का? नसेल तर कोणत्या खर्चाला कुठून हातभार लागेल? आणि सायबरवर खरंच किती खर्च करावा लागतो?

प्रकल्प_अहवाल_धुळे
भाऊ, आगाऊ एक रुपयाही देऊ नका. ८० टक्क्यांचा आकडा बहुधा झेड प्रमाणपत्राच्या (लघुउद्योगांना दर्जासाठी मिळणाऱ्या सरकारी प्रमाणपत्राच्या) योजनेतून उचललेला आहे. त्यात सूक्ष्म उद्योगाला प्रमाणपत्राच्या फीवर ८० टक्के सूट असते, लघुला ६०, मध्यमला ५०. ब्राँझची फी १० हजार, म्हणजे सूक्ष्म उद्योगाला स्वतःचे २ हजार भरावे लागतात. ही सूट फीवर आहे, सर्व्हर आणि फायरवॉलच्या बिलावर नाही. एजंट लोक दोन्ही एकात मिसळून सांगतात.

तुमच्या २० लाखांच्या मशीनला मात्र खरा रस्ता आहे, पीएमएफएमई, म्हणजे सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांसाठीची केंद्राची योजना. प्रकल्प खर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाख. २० लाखांवर ७ लाख बसतात. स्वतःचे किमान १० टक्के, म्हणजे २ लाख, बाकी बँकेचं कर्ज. जळगावचं 'एक जिल्हा एक उत्पादन' केळी आहे म्हणून डाळमिलवाले अर्जच करत नाहीत, पण चालू युनिटच्या वाढीसाठी केळीचीच अट नाही. योजनेची मूळ मुदत २०२४-२५ होती, ती पुढे २०२५-२६ पर्यंत वाढवली. म्हणून कोटेशन गोळा करण्याआधी पोर्टलवर अर्ज घेणं चालू आहे का ते बघा.

अर्ज कुठे अडकतो, तेही सांगतो. पहिलं, उद्यम प्रमाणपत्र (उद्योग सूक्ष्म, लघु की मध्यम हे दाखवणारी सरकारी नोंदणी). १ एप्रिल २०२५ पासून सूक्ष्मची मर्यादा यंत्रसामग्री २.५ कोटी आणि उलाढाल १० कोटी अशी आहे. डाळीच्या धंद्यात यंत्र थोडं आणि उलाढाल मोठी, त्यामुळे १० कोटींची रेघ पटकन ओलांडली जाते आणि युनिट 'लघु' होतं. ही योजना सूक्ष्म युनिटसाठी आहे, तेव्हा आधी तेच तपासा. दुसरं, कोटेशन. सॉर्टेक्सचा कॅमेरा, कंट्रोल पॅनल, त्यातलं सॉफ्टवेअर, पॅकिंग मशीनचा वजनकाटा हे सगळं यंत्राचाच भाग म्हणून एकाच कोटेशनमध्ये घ्या. ऑफिसचे कॉम्प्युटर आणि टॅली त्यात कोंबू नका, बँक त्यावर प्रश्न काढते आणि पूर्ण फाइल लांबते. तिसरं आणि सगळ्यात महागात पडणारं म्हणजे मंजुरीआधी मशीन घेणं. अनुदान कर्जाला जोडलेलं आहे. रोखीने आधीच घेतलेल्या मशीनचं बिल पुढे करून काही मिळत नाही.

अनुदान हातातही येत नाही. ते बँकेतल्या वेगळ्या खात्यात पडून राहतं, आणि कर्जाचा शेवटचा हप्ता उचलल्यापासून ३ वर्षांनी खातं नियमित आणि युनिट चालू असेल तरच कर्जात वळतं होतं. मधे हप्ते थकून खातं एनपीए (बुडीत) झालं तर अनुदान गेलं. तेव्हा पहिल्या ३ वर्षांच्या हप्त्यांचं गणित अनुदान धरून मांडू नका.

फाइल करायला या योजनेतच जिल्हा संसाधन व्यक्ती नेमलेली असते, तिचं मानधन सरकार देतं. जिल्हा अधीक्षक कृषी अधिकारी कार्यालयात विचारा. ज्या कामाचे एजंट २५ हजार मागतोय, ते तिथे फुकट होतं.

हिशोब_पारोळा
दादांनी मशीनचं सांगितलं, मी ६ लाखांचं सांगते. या भागाला थेट अनुदान धरू नका. आधार करातून मिळतो, पण डाळमिलला त्यात एक मोठी मेख आहे.

१ किलोच्या ब्रँडेड पाकिटावर ५ टक्के जीएसटी आहे, २५ किलोवरच्या पोत्यातली डाळ करमुक्त. करमुक्त विक्रीच्या प्रमाणात इनपुट क्रेडिट (खरेदीवर भरलेल्या जीएसटीची वजावट) सोडावं लागतं. सर्व्हर, फायरवॉलवर १८ टक्के भरलेत आणि ८५ टक्के माल पोत्यात गेला, तर त्या १८ टक्क्यांतला बहुतेक हिस्सा परत मिळत नाही. विक्रेता 'जीएसटी तर परत येतो' म्हणून भाव सांगतो, ते तुमच्या बाबतीत लागू नाही. कोटेशनची तुलना जीएसटीसकट करा. जे क्रेडिट मिळत नाही ते मालमत्तेच्या किमतीत धरून त्यावर घसारा (वस्तूच्या किमतीपोटी आयकरात दरवर्षी मिळणारी वजावट) घेता येतो, मिळालेल्यावर घेता येत नाही.

कॉम्प्युटर आणि सॉफ्टवेअरवर घसारा ४० टक्के. वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापर झाला तर निम्मा, म्हणजे २० टक्के. त्यामुळे खरेदी ऑक्टोबरच्या पहिल्या दोन तारखांच्या आत करून वापरात आणा. 'वापरात' हा शब्द महत्त्वाचा, खोक्यात पडलेला सर्व्हर चालत नाही. फायरवॉलचं वार्षिक सबस्क्रिप्शन मात्र सरळ महसुली खर्चात (त्याच वर्षी वजा होणाऱ्या खर्चात) जातं, म्हणून बिलात यंत्र आणि सबस्क्रिप्शन वेगळं दाखवायला सांगा. आणि मशीनला ७ लाख अनुदान मिळालं तर घसारा १३ लाखांवर धरायचा, २० वर नाही.

नेटवर्क_भुसावळ
सायबरचं मी लिहितो. इथे पैशापेक्षा शिस्त जास्त लागते भाऊ.

आपल्याकडच्या मिलमध्ये सगळ्यात मोठं भगदाड एकच: मालकाला घरून टॅली बघायची असते, म्हणून कोणीतरी राउटरवर रिमोट डेस्कटॉपचा (दुरून कॉम्प्युटर चालवायच्या सोयीचा) ३३८९ पोर्ट, म्हणजे इंटरनेटवरून आत यायचं दार, उघडून देतो. जगभरचे प्रोग्राम रात्रंदिवस हेच पोर्ट शोधत फिरतात. नंबर बदलून ३३९० केल्यानेही फरक पडत नाही, तेही सापडतं. पोर्ट बंद करा आणि व्हीपीएनमधूनच (पासवर्ड लागणाऱ्या खाजगी, सुरक्षित जोडणीतूनच) आत या. फायरवॉल घ्यायचं मुख्य कारण हेच धरा. त्याचं ३ वर्षांचं सबस्क्रिप्शन आधीच भावात बांधून घ्या. ते संपलं की यंत्राचे दिवे लागलेले दिसतात, पण नवे धोके ओळखणं थांबतं.

बॅकअप. टॅलीचा डेटा सर्व्हरवर आणि बॅकअप त्याच सर्व्हरला कायम लावलेल्या यूएसबी डिस्कवर, हा बॅकअप नव्हे. रॅन्समवेअर (डेटा कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस) सर्व्हरसोबत ती डिस्कही कुलूपबंद करतं. दोन डिस्क घ्या, आलटून-पालटून लावा, बॅकअप झाला की काढा, एक घरी न्या. एक प्रत क्लाउडवर, तिचा पासवर्ड वेगळा. महिन्यातून एकदा दुसऱ्या कॉम्प्युटरवर रिस्टोअर करून शेवटचा व्हाउचर नंबर आणि ट्रायल बॅलन्स जुळवा. हे न केल्यामुळेच ऐनवेळी कळतं की फाइल रिकामी होती.

सॉर्टेक्सकडे लक्ष द्या. कंपनीचा इंजिनिअर दुरून सेटिंग करायला पॅनलला इंटरनेट मागतो. ते ऑफिसच्या नेटवर्कला जोडू नका, फायरवॉलच्या वेगळ्या पोर्टवर ठेवा आणि काम असेल तेवढंच चालू करा. पॅनलमधलं विंडोज वर्षानुवर्षं अपडेट होत नाही. तीच गोष्ट ऑफिसची: विंडोज १० चा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. स्वस्तात मिळतात म्हणून जुने कॉम्प्युटर घेत असाल तर विंडोज ११ चालतं का ते आधी बघा.

कायद्याची बाजू. सर्ट-इनच्या (केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या) २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत तिला कळवायची आणि लॉग (नेटवर्कवर कोण कधी आलं याच्या नोंदी) १८० दिवस जपायचे. साधा राउटर काही दिवसांतच लॉग पुसतो, म्हणून फायरवॉलचे लॉग सर्व्हरवर उतरवायला सांगा, आणि सगळ्या यंत्रांची घड्याळं एकच ठेवा, नाहीतर लॉग जुळत नाहीत. हल्ला झालाच तर नेटवर्कची वायर काढा, फॉरमॅट मारू नका, स्क्रीनचा फोटो घ्या. व्हायरस साफ करायची मोफत साधनं सायबर स्वच्छता केंद्राच्या साइटवर आहेत.

डाळमिल_जळगाव
खूप स्पष्ट झालं, आभार. एकच राहिलं. मालाच्या दलालाचा व्हॉट्सॲप आला की 'खातं बदललंय, यावर पैसे टाका', तर फायरवॉल हे पकडेल का?

नेटवर्क_भुसावळ
नाही पकडणार. तो मेसेज मोबाइलवर येतो आणि पैसे तुमचाच माणूस टाकतो. नियम ठेवा: खातं बदललं म्हटलं की दलालाच्या जुन्या, आधीपासून सेव्ह असलेल्या नंबरवर फोन करायचा, मेसेजमधल्या नंबरवर नाही. नव्या खात्यावर आधी १ रुपया टाका, नाव दलालाच्या पेढीचंच दिसतं का बघा, मग बाकीचे. मोठी रक्कम असेल तर टाकणारा एक आणि मंजूर करणारा दुसरा, ही सोय चालू खात्याच्या नेटबँकिंगमध्ये बँकेकडून करून घ्या. तरीही पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० वर (सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनवर) फोन करा, बँकेच्या शाखेत नंतर जा. पैसे पुढच्या खात्यात वळण्याआधी गोठवले तरच हाती लागतात.