'हॉल ऑफ फेम'ला मराठीत काय म्हणायचं? (आकाशवाणीच्या आवाजांसाठी पाटी करायची आहे)

कृष्णाकाठ
नमस्कार. अडचण खरी आहे आणि वेळ कमी आहे. आमच्या सांगलीकडच्या एका वाचनालयात जिन्याजवळची लांब भिंत मोकळी मिळाली आहे. तिथे आकाशवाणीच्या आवाजांचे फोटो आणि माहिती लावायची असं आम्ही काही श्रोत्यांनी ठरवलं. सांगली केंद्र 1963 साली सुरू झालं. तेव्हापासून शेतीचे सल्ले, बाजारभाव, भावगीतं, पावसापाण्याच्या सूचना ज्यांच्या तोंडून ऐकल्या, त्यांतली काही माणसं गेली, काही ऐंशीच्या घरात आहेत. पैशांचं जमलं, फोटोंचंही जमलं. अडलंय नावापाशी. पावतीपुस्तकावर 'हॉल ऑफ फेम' छापून झालंय. मी 'कीर्तिमंदिर' सुचवलं. बैठकीतले एक निवृत्त मुख्याध्यापक म्हणाले, "कीर्तिमंदिर गेलेल्यांचं असतं. जित्या माणसाला त्यात बसवू नका." ज्यांचा फोटो पहिला लावायचा, त्या बाई समोरच बसल्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण मला फार वाईट वाटलं. पेंटर शनिवारी येणार आहे. शब्द सुचवा.

बडोदेकर
मुख्याध्यापकांचं म्हणणं अगदीच चूक नाही हो. आमच्या बडोद्याचं कीर्तिमंदिर तिसऱ्या सयाजीरावांनी बांधलं, ते गायकवाड घराण्यातल्या दिवंगतांच्या स्मरणार्थ. आत नंदलाल बोस यांची भित्तिचित्रं आहेत. लहानपणी आजोबांबरोबर जायचो तेव्हा ते दारातच आवाज खाली आणायचे. पोरबंदरला गांधीजींच्या जन्मघराला लागून जे स्मारक आहे, त्याचंही नाव कीर्तिमंदिरच. त्यामुळे आम्हा गुजरातेतल्या मराठी माणसांच्या कानाला हा शब्द स्मारकाचाच लागतो. सांगलीत तसा लागेलच असं नाही.

भाषांतरवाली
मी क्रीडापानासाठी भाषांतरं करते. 2019 मध्ये सचिनचा आयसीसीच्या हॉल ऑफ फेममध्ये समावेश झाला, तेव्हा मी हौसेने 'गौरवदालन' लिहिलं होतं. दुसऱ्या दिवशी छापून आलं 'हॉल ऑफ फेम'. उपसंपादकांना विचारलं तर म्हणाले, दालन म्हटलं की वाचकाला वाटतं कुठेतरी खोली आहे आणि सचिन तिथे जाऊन आला. तेव्हा राग आला होता, आता त्यांचं थोडं पटतं. 'समावेश' हे क्रियापदाचं काम आधीच करतंय, आपण उगाच नामाच्या मागे लागतो. पण पाटीचं तसं नाही. पाटीवर नामच लागतं, आणि तुमच्याकडे खरोखरच जागा आहे. तिथे 'दालन' चालेल. 'गौरवदालन' घ्या.

शुद्धलेखन
'कीर्तिमंदिर' ठेवणार असाल तर एक सांभाळा. 'कीर्ती' सुटा लिहिताना दीर्घ, समासात पूर्वपद म्हणून ऱ्हस्व. पेंटर हमखास 'कीर्तीमंदिर' रंगवतो. कागदावर लिहूनच द्या.

नागपूरकर
मंदिर, दालन हे सगळं कशाला? 'मानकरी' हा शब्द घरात असताना बाहेर का शोधता? लग्नात मानकरी असतात, पालखीला मानकरी असतात, स्पर्धेत बक्षिसाचे मानकरी असतात. 'आवाजाचे मानकरी' लिहा. जित्याला चालतं, गेलेल्याला चालतं, शेतकऱ्याला वाचताना अडत नाही. आमचं नागपूर केंद्र 1948 चं. इकडे अशी भिंत झाली तर मी हाच शब्द धरून बसेन.

जुना ट्रान्झिस्टर
मानकरी छान आहे, पण ते माणसांचं नाव झालं, जागेचं नाही. 'कुठे लावलेत फोटो?' 'मानकऱ्यांत' असं कोणी म्हणणार नाही.
'हॉल'च्या मुळाशी जाऊ. अमेरिकेतला पहिला हॉल ऑफ फेम न्यू यॉर्कच्या ब्राँक्स भागात विद्यापीठाच्या आवारात 1901 साली खुला झाला. तो हॉल नाहीच. खांबांची लांबच लांब उघडी रांग आहे, मध्ये अर्धपुतळे. आपल्याकडे याला कोणी हॉल म्हणणार नाही, ओसरी म्हणतील. आणि तिथे निवड व्हायला माणूस जाऊन निदान दहा वर्षं झालेली असावी लागत. म्हणजे मुख्याध्यापकांचा आक्षेप मूळ इंग्रजी शब्दालाही लागू होतो! जित्यांना आत घेतलं ते खेळाडूंच्या बाबतीत. कूपर्सटाउनच्या बेसबॉलवाल्यांनी 1936 मध्ये पहिले पाच निवडले, त्यांत बेब रूथ हयात होता. रेडिओवाल्यांचा राष्ट्रीय हॉल ऑफ फेम त्यांच्याकडे 1988 मध्ये आला. शब्द तोच राहिला, वापर बदलला. 'कीर्तिमंदिर'चंही तसंच होऊ द्या. वापरल्याशिवाय शब्द कसा बदलेल?

धातुसाधित
मी 'कीर्ती'च्या बाजूने एक गोष्ट मांडतो. ती सांगितल्याशिवाय राहवत नाही. कीर्ती आणि कीर्तन एकाच धातूचे. धातुपाठात, म्हणजे संस्कृत धातूंच्या जुन्या यादीत, 'कॄत संशब्दने' असं आहे. संशब्दन म्हणजे मोठ्याने नाव घेणं, शब्दाने जाहीर करणं. कीर्ती ही मुळात दिसायची गोष्ट नाही, ऐकायची आहे. जे तोंडातोंडी सांगितलं जातं ते कीर्ती. गंमत अशी की 'फेम'सुद्धा लॅटिन 'फामा'वरून, आणि तो 'बोलणे' या अर्थाच्या क्रियापदावरून. दोन्ही भाषांत मूळ बोलण्यातच आहे. ज्यांना आपण कधी पाहिलं नाही, फक्त ऐकलं, त्यांच्यासाठी याहून नेमका शब्द मला तरी माहीत नाही. 'गौरव'चं मूळ 'गुरू', म्हणजे वजनदारपणा. तो पुढाऱ्यांना द्या. निवेदकांना 'कीर्ती'च हवी. मंदिर नको असेल तर 'कीर्तिदालन' करा.

मराठीच_हवं
'दालन' फारसी आहे. दालान. हॉल काढून दालान बसवायचं याला मराठीकरण म्हणत नाहीत. 'कीर्तिकक्ष' का नाही?

भाषांतरवाली
कक्ष म्हटलं की अतिदक्षता कक्ष आठवतो. आणि फारसीचाच हिशोब मांडायचा तर 'आवाज' पण फारसी. तो काढून आकाशवाणीवर कसं बोलणार? दालन आमच्या आजीच्या वाड्यात होतं, तिला ते फारसी आहे हे कधी कळलं नाही आणि तिचं काही अडलं नाही.

मराठीच_हवं
अडलं नाही म्हणून सगळं चालवून घ्यायचं असेल तर मग 'हॉल ऑफ फेम'ने तरी कोणाचं अडलंय? कृष्णाकाठ यांना अडचण वाटली म्हणून तर हा धागा निघाला. 'नभोवाणी' आठवतो का? सावरकरांच्या शब्दांत तो सांगितला जातो. 'माहिती व नभोवाणी मंत्री' आपण वर्षानुवर्षं वाचलं. तोच सोडून दिला.

जुना ट्रान्झिस्टर
सोडला कुठे? 'नभोनाट्य' आजही म्हणतात. 'नभोवाणी' मागे पडला कारण 'आकाशवाणी' आधीच घरात होता. कंसाच्या गोष्टीतली आकाशवाणी प्रत्येक पोराला ठाऊक. म्हैसूरला एम. व्ही. गोपालस्वामींनी 1935 मध्ये खासगी केंद्र काढलं, त्याला हे नाव होतं, ते पुढे देशभर झालं. 2023 मध्ये तर प्रसार भारतीने 'ऑल इंडिया रेडिओ' मागे ठेवून फक्त 'आकाशवाणी' वापरायचं ठरवलं. जो शब्द गोष्टीतून येतो तो टिकतो. समितीतून आलेला क्वचित टिकतो.

गिरगावातला
शब्दावर भांडा, पण आधी सांगा की भिंतीवर नाव कोणाचं लावणार? हा प्रश्न रेडिओपुरता अवघड आहे. मुंबई केंद्रावरची 'पुन्हा प्रपंच' ही श्रुतिका आठवा. प्रभाकरपंत, मीनावहिनी आणि टेकाडे भावजी. आमच्या चाळीत बाळ कुडतरकर हे नाव किती जणांना ठाऊक होतं सांगता येत नाही, पण 'टेकाडे भावजी' म्हटलं की जिन्यातली माणसं थांबायची. नीलम प्रभू म्हणजे मीनावहिनी, आणि त्याच करुणा देव, हे मला फार उशिरा कळलं. कीर्ती त्या पात्राची, त्या आवाजाची. नुसता फोटो लावलात तर ओळखणार कोण? फोटोखाली लोकांनी ज्या नावाने हाक मारली ते नाव आधी लिहा.

कृष्णाकाठ
हे फार महत्त्वाचं सांगितलंत. आमच्याकडेही तसंच आहे. एका शेतीवाल्या निवेदकांना सगळा तालुका त्यांच्या कार्यक्रमातल्या टोपणनावाने ओळखतो, खरं नाव त्यांच्या गल्लीबाहेर माहीत नाही. आता दुसरा पेच: या सगळ्यांना मिळून काय म्हणायचं? आमच्या मसुद्यात 'उद्घोषक' आहे.

नागपूरकर
आमच्या घरी अनाउन्सरच म्हणत. 'उद्घोषक' फक्त नेमणुकीच्या जाहिरातीत वाचला.

शुद्धलेखन
उद्घोषक, निवेदक, वृत्तनिवेदक ही तीन वेगळी कामं आहेत. उद्घोषक पुढचा कार्यक्रम कोणता ते सांगतो, निवेदक कार्यक्रम बांधून घेतो, वृत्तनिवेदक बातम्या वाचतो. सगळ्यांना एकाच पिशवीत घालू नका.

पणजीहून
आणि ज्यांचा आवाज कधी लागलाच नाही त्यांचं काय? गीतरामायण पुणे केंद्रावरून 1955 मध्ये सुरू झालं, त्यामागे सीताकांत लाड होते. गदिमा, बाबूजी सगळ्यांना माहीत, लाडांचं नाव घेणारे थोडे. व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रम बघायचे, ते तर तुमच्याच जिल्ह्यातले. मुंबईला यशवंत देव होते, मंगेश पाडगावकर होते. 'आवाजाचे मानकरी' म्हटलं की निर्माते, लेखक, वादक, तंत्रज्ञ सगळे बाहेर. शब्द निवडताना तुम्ही माणसं निवडताय हे लक्षात घ्या.

गिरगावातला
आणि श्रोते? 1956 मध्ये युनेस्कोच्या मदतीने पुणे केंद्राने पाच जिल्ह्यांतल्या सुमारे दीडशे गावांत शेतकरी श्रोतामंडळं चालवली होती. लोक एकत्र बसून ऐकायचे, चर्चा करायचे आणि प्रश्न केंद्राकडे पाठवायचे. त्यात तुमच्या शेजारचं कोल्हापूरही होतं. त्या मंडळांतला एखादा फोटो मिळाला तर जरूर लावा.

बडोदेकर
आमच्या घरी पुणे केंद्र रात्री खरखरत लागायचं, आई स्टुलावर चढून तार खिडकीबाहेर सोडायची. 'आकाशवाणी पुणे. सुधा नरवणे आपल्याला प्रादेशिक बातम्या देत आहे.' तेवढं वाक्य ऐकायला मिळालं तरी आई उतरायची.

शुद्धलेखन
'देत आहेत'. सुधा नरवणे बातम्या देत आहेत. बाईंना एकेरी कसं?

बडोदेकर
'आहे'च म्हणायच्या. माझ्या कानात बसलंय.

धातुसाधित
'आहे'च बरोबर आहे, कारण बोलणारी व्यक्ती स्वतःचं नाव घेतेय. स्वतःला आदरार्थी बहुवचन लावणं मराठीत अवघडल्यासारखं होतं. शिवाय 'मी देत आहे' आणि 'ती देत आहे' यांत 'आहे' सारखंच. त्यामुळे नाव तृतीयपुरुषी आणि भाव प्रथमपुरुषी असं दोन्ही एका वाक्यात बसतं. आता तेच 'देत आहेत' म्हणा, लगेच वाटतं दुसरंच कोणी बाईंची ओळख करून देतंय.

गिरगावातला
दिल्लीहून यायच्या त्या राष्ट्रीय बातम्यांत मात्र मी 'आहेत' ऐकलंय. मृदुला घोडके, दत्ता कुलकर्णी, नंदकुमार कारखानीस. निदान मला तसं आठवतं.

नागपूरकर
आठवण म्हणजे पुरावा नव्हे. आपण नक्कल करताना 'आहेत' म्हणायचो, तीच नक्कल आता आठवतेय.

भाषांतरवाली
सुधा नरवणे म्हणजे माजी लष्करप्रमुख मनोज नरवणे यांच्या आई. मुलगा लष्करप्रमुख झाला तेव्हा आमच्या सोसायटीत सगळे म्हणाले, 'अरे, त्या बातम्या देणाऱ्या सुधाताईंचा मुलगा!' धातुसाधित म्हणतात ती कीर्ती हीच असावी.

कृष्णाकाठ
माझी आई 'बातम्या लागल्या का रे?' असं विचारायची. पाटीसाठी नाही, पण विचारून ठेवतो. बातम्या 'लागतात', गाणं 'लागतं', स्टेशन 'लागतं', आणि दूरदर्शनवर सिनेमासुद्धा 'लागायचा'. हे 'लागणे' रेडिओबरोबर आलं की आधीचं आहे?

जुना ट्रान्झिस्टर
आधीचं असणार. थेटरात सिनेमा लागतो. रस्ता लागतो, गाव लागतं. आपण जात असतो आणि ते वाटेत येतं.

पणजीहून
मग 'स्टेशन लागणे' त्याच अर्थाने. काटा फिरवत जाताना मध्ये स्टेशन लागतं, प्रवासात लागतं तसं. मला हे आजवर सुचलं नव्हतं.

मराठीच_हवं
'लावणे'चंही बघा. तंबोरा लावतात, रेडिओ लावतात. दोन्हीकडे स्वर जुळवणंच आहे. 'रेडिओ ऑन कर' म्हणणाऱ्या पोरांना हे सांगायला हवं.

धातुसाधित
तंबोऱ्याचं पटतं. पण दिवाही लावतात, दारही लावतात. दार लावणे म्हणजे बंद करणे. तिथे जुळवण्याचा अर्थ कसा काढाल?

मराठीच_हवं
दाराची फळी चौकटीला जुळवतात की.

नागपूरकर
हे ओढूनताणून झालं.

कृष्णाकाठ
पेंटरचा फोन येऊन गेला. त्याला अक्षरं मोजून हवी आहेत, पाटी सहा फुटी आहे. सध्या त्याला 'कीर्तिदालन' एवढंच सांगितलंय, ऱ्हस्व 'र्ति' कागदावर लिहून देणार आहे. खालची ओळ मोकळी ठेवायला सांगितली आहे. निर्माते, तंत्रज्ञ आणि श्रोते यांना सामावणारं काही शुक्रवार रात्रीपर्यंत सुचलं तर इथे टाका. आज संध्याकाळी त्या बाईंकडे जातोय. त्या स्वतः 'आहे' म्हणायच्या की 'आहेत', ते विचारून येतो.