मदत हवी आहे : सोलापुरात व्हीलचेअर आत जाईल असे हॉटेल

भाची_पुण्याची
येत्या शुक्रवारी मामेबहिणीच्या लग्नासाठी आईला घेऊन सोलापूरला येत आहे. कार्यालय विजापूर रस्त्यावर आहे आणि मुक्काम दोन रात्रींचा आहे. चार हॉटेलांना फोन केले, चौघांनीही "मॅडम, काळजी करू नका, आमची मुले उचलून नेतील" असेच सांगितले. आईला कोणी उचलू नये, म्हणूनच तर हा खटाटोप आहे. गेल्या वर्षी एका हॉटेलात (गाव वेगळे होते, नाव लिहीत नाही) मुलांनी खुर्ची हात टेकायच्या दांड्याला धरून उचलली. तो दांडा निघणारा असल्यामुळे एकाच्या हातात आला आणि आई पायरीवर कलंडली. कृपया नेमके हॉटेल सांगावे. "चौकशी करून पाहा" हे उत्तर नको.

होटगीकर
ताई, चिडू नका, पण तुम्ही सांगितले त्यावरून काहीच सुचवता येत नाही. आई आधार घेऊन उभ्या राहू शकतात की अजिबात नाही? खुर्चीची रुंदी किती? रेल्वेने येणार की स्वतःच्या गाडीने? स्थानकाजवळच्या जुन्या लॉजचा विचार मात्र सोडून द्यावा, तेथे अनेकदा नोंदणीचे टेबलच जिना चढून गेल्यावर लागते.

कलम_पंचेचाळीस
हॉटेलवाल्यांची विनवणी कशाला करायची? दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ यातील 'सार्वजनिक इमारत' या व्याख्येत लोकांच्या वापरातील खासगी इमारतीही येतात, आणि जुन्या इमारती सुगम करण्यासाठी कलम ४५ ने नियम निघाल्यापासून पाच वर्षांची मुदत दिली होती. नियम २०१७ चे आहेत, म्हणजे ती मुदत २०२२ मध्येच संपली. उल्लंघनाला पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत दंड आहे. पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तालयाकडे तक्रार करता येते, मसुदा मी लिहून देतो.

चाकावरचा_प्रवासी
दादा, तक्रार अवश्य करावी, मी दोन केल्या आहेत; परंतु कलम वाचून दाखवल्याने शुक्रवारपर्यंत न्हाणीघराचे दार रुंद होत नाही. मी स्वतः अकरा वर्षे खुर्चीवर आहे. हॉटेलात प्रवेशद्वारापेक्षा न्हाणीघराचे दारच अधिक वेळा दगा देते. अडीच फुटी दार म्हणतात, पण ते माप चौकटीचे असते. चौकटीची जाडी आणि काटकोनात उघडलेल्या फळीची जाडी वजा केली की हातात जेमतेम २६-२७ इंच उरतात. त्यातच पाणी खोलीत येऊ नये म्हणून उंबऱ्याला ग्रॅनाइटची पट्टी असते, तिला पुढची लहान चाके अडतात. म्हणून "खोली व्हीलचेअरसाठी आहे का" असे विचारू नये. दार पूर्ण उघडून, आतल्या मोकळ्या जागेवर टेप धरून फोटो पाठवायला सांगावे. टॉवेल अडकवायच्या दांडीला आधाराची दांडी म्हणून खपवतात, तेही पाहावे. तिच्यावर भार टाकला तर ती स्क्रूसकट बाहेर येते.

मुरारजी_पेठ
एवढे कशाला? घडीचा अॅल्युमिनियमचा रॅम्प मिळतो, सहा फुटी. गाडीत टाकावा, कुठल्याही हॉटेलात जावे. आमच्या काकांना आम्ही असेच नेतो.

निवृत्त_स्थापत्य
हा सल्ला धोक्याचा आहे. सहा इंची तीन पायऱ्या म्हणजे दीड फूट उंची. उतार १:१२ (एक फूट चढायला बारा फूट लांबी) हवा असेल तर त्यासाठी अठरा फूट लांबी लागते. तुमचा सहा फुटी रॅम्प तेथे १:४ चा चढ देतो, म्हणजे ढकलणाऱ्याचा पाय घसरला की खुर्ची मागे येणार. एका पायरीसाठी तो उत्तम आहे, तीनसाठी नाही.

मुरारजी_पेठ
साहेब, कागदावरचे गणित वेगळे असते. आमचे काका आजवर पडलेले नाहीत.

निवृत्त_स्थापत्य
पडेपर्यंत कोणीच पडलेले नसते.

कडक_भाकरी
लग्न आटोपल्यावर तुळजापूरही करून घ्या, ४५ किलोमीटरच आहे. आणि शेंगाचटणी विसरू नका.

चाकावरचा_प्रवासी
तुळजापूरच्या मंदिरात पायऱ्या उतरून जावे लागते. आपण धागा वाचता का?

भाची_पुण्याची
काही गोष्टी लिहायच्या राहिल्या. दोन वर्षांपूर्वी आईला अर्धांगवायू झाला, उजवी बाजू कमजोर आहे. डाव्या हाताला पक्का आधार मिळाला तर ती मिनिटभर उभी राहते. खुर्ची बाहेरून बाहेर २५ इंच आहे. गाडी आमचीच आहे.

होटगीकर
हे आधी हवे होते. दोन नावे व्यक्तिगत निरोपातून पाठवली आहेत, येथे जाहिरात नको. त्यांपैकी एकाला समोर तीन पायऱ्या आहेत, पण गाडी थेट तळघरात जाते आणि लिफ्ट तेथूनच सुरू होते. वीज गेली तर लिफ्ट जनरेटरवर चालते का, तेवढे विचारा; काही ठिकाणी जनरेटरवर फक्त दिवे आणि पंखे असतात.

भाची_पुण्याची
दुसऱ्या हॉटेलातून टेप लावलेले फोटो आले. लिफ्ट जनरेटरवर चालते. न्हाणीघराच्या दारात २७ इंच मोकळे आहेत, उंबरा नाही. अक्कलकोटला जाणारे वयस्कर भाविक उतरतात म्हणून त्या मजल्यावर सगळीकडे कमोडशेजारच्या भिंतीला आधाराची दांडी बसवली आहे. पण १०३ क्रमांकाच्या खोलीत ती भिंत बसल्यावर उजव्या हाताला येते. नेमका कमजोर हात! पुन्हा शून्यावर आले. व्हॅक्यूमने चिकटणारी दांडी घेऊन जाऊ का?

चाकावरचा_प्रवासी
मुळीच नको. टाइलच्या सांध्यावर तिची हवा सुटते, आणि ती कधी सुटेल ते सांगून सुटत नाही.

निवृत्त_स्थापत्य
शून्यावर आलेला नाहीत. हॉटेलाच्या आराखड्यात शेजारशेजारच्या दोन खोल्यांची न्हाणीघरे बहुधा पाठीला पाठ लावून असतात, कारण दोघांचे नळ एकाच डक्टमधून (पाइपांसाठीच्या उभ्या पोकळीतून) नेले की पाइप वाचतो. त्यामुळे एक खोली दुसरीचे आरशातले रूप असते. १०३ मध्ये दांडी उजवीकडे असेल तर १०२ किंवा १०४ मध्ये ती डावीकडे असण्याची शक्यता पुष्कळ आहे. खोली बदलून मागा, सुविधा नव्हे.

भाची_पुण्याची
१०४ मध्ये दांडी डावीकडे आहे. फोटो मागवून खात्री केली, खोली नोंदवली. फोनवरच्या मुलाला मी १०३ ऐवजी १०४ का मागते आहे ते शेवटपर्यंत कळले नाही. त्याने विचारले, "मॅडम, वास्तू पाहता का?"